धागा: ड्रायव्हरचे आठ तास नक्की कुठून मोजायचे? आणि नव्या पोरांचं ट्रेनिंग

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. काकांच्या ट्रान्सपोर्टचं टेबल दिवाळीपासून माझ्याकडे आलंय. चार गाड्या आहेत. माल मुख्यतः कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं कास्टिंग, एक लाईन चाकणची, दुसरी बेंगळुरूची. आतापर्यंत सगळा कारभार ‘भरली की निघ, खाली झाली की फोन कर’ असाच चालला. जुने ड्रायव्हर आता थकलेत, नवीन पोरं ठेवायची आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी ड्युटीचा तक्ता नीट बसवावा म्हणतोय.

एका माणसानं दिवसात किती तास चालवायचं, याचा कायदा नेमका काय आहे? कंपनीच्या गेटबाहेर गाडी लायनीत उभी असते तो वेळ कामात धरायचा की विश्रांतीत? आणि पोरांकडे हेवीचं लायसन्स आहे, पण तेवढ्यावर घाटात गाडी सोपवायची माझी छाती होत नाही. काका म्हणतात, आमच्या वेळी कुठलं आलंय ट्रेनिंग, किन्नर (क्लीनर) म्हणून चार वर्षं घासली की तयार. पण आता किन्नरच मिळत नाहीत. गाडीवर ड्रायव्हर एकटा असतो. तो शिकणार कुणाकडून?

कलमवाली:
आधी कायदा सांगते, मग भांडा.

मूळ कायदा मोटार परिवहन कामगारांचा, १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गावर किंवा सणासुदीला, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी असेल तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा एकूण पसारा, म्हणजे स्प्रेडओव्हर, १२ तासांच्या आत. एक ड्युटी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आठवड्यातून एक सुट्टी. जादा कामाला दुप्पट दर.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ म्हणतं, व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याचे तास या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच ठरतील. त्या कलमात माणसांच्या संख्येची अट नाही, पण ते ज्या कायद्याकडे बोट दाखवतं त्यात ‘पाच किंवा जास्त कामगार’ ही अट आहे. म्हणजे चार गाड्यांचा मालक कुंपणावर बसलेला.

त्यात आता नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९६१ चा कायदा सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विलीन झाला. आठ तास कायम, दुप्पट ओव्हरटाईम कायम, वर नेमणूकपत्र द्यायचं बंधन. ट्रक ड्रायव्हरच्या हातात नेमणूकपत्र, कल्पना करून बघा! पण कामगारांची अट पाचावरून दहावर गेली. रस्त्यावर बहुसंख्य गाड्या एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांच्या असतात, हे लक्षात घेतलं तर ही संहिता कुणाला लागणार ते तुम्हीच ठरवा.

गेटबद्दल. १९६१ च्या कायद्यात ‘कामाचे तास’ म्हणजे गाडी चालू असतानाचा वेळ, त्याशिवायची गाडीची आणि मालाची कामं (चढउतार, देखभाल, कागदपत्रं), आणि टर्मिनसवर नुसतं हजर राहण्याचे पंधरा मिनिटांपेक्षा कमी कालखंड. म्हणजे दोन तास नुसतं बसून राहिलं तर ते या व्याख्येबाहेर जातं. मात्र १२ तासांच्या पसाऱ्यातून ते सुटत नाही. मालक लोक नेमकी हीच ओळ विसरतात.

डिझेलदास:
ताई, कागदावर सगळं झकास. आता हिशेब करू. कोल्हापूर ते बेंगळुरू सहाशे किलोमीटरच्या वर. भरलेल्या गाडीचं अॅव्हरेज टोलनाके, चहापाणी धरून ताशी चाळीस. आठ तासांत ३२० किलोमीटर, म्हणजे राणेबेन्नूरच्या आसपास गाडी बाजूला लावून झोपायचं. दुसऱ्या दिवशी उरलेलं. पार्टी विचारते, ‘शेजारच्या ट्रान्सपोर्टची गाडी रात्री निघून दुपारी पोचली, तुमची का नाही?’ भाडं तेच. हप्ता तोच.

पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचे. ती अट काढायचं केंद्रानंच २०१८ मध्ये ठरवलं. आता आम्ही एकावर गाडी चालवली की आम्ही खलनायक.

आणि गंमत बघा. ओव्हरलोड सापडलं तर २० हजार, वर जादा टनामागे दोन हजार. १९६१ च्या कायद्यात तास मोडल्याचा दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. या कलमाखाली आत गेलेला मालक मी तरी पाहिलेला नाही.

लायनीतला:
ओव्हरलोडला काटा हाय, झोपेला काटा नाय. एवढंच हाय ते.

घाटमाथा भाऊ, गेटचं मी सांगतो, मी चाकणच्या लायनीत लई उभा राहिलोय. बाहेर पन्नासेक गाड्या. तुम्ही म्हणणार, उभी हाय तर झोप की! पण लाईन वीस-पंचवीस मिनिटांनी सरकती. दोन गाड्या आत गेल्या की मागनं हॉर्न. उठायचं, चावी फिरवायची, ब्रेकची हवा भरूस्तोवर थांबायचं, दोन गाड्यांची जागा पुढं घ्यायची, परत आडवं व्हायचं. डोळा लागतोय तोवर परत हॉर्न. नाय सरकलं तर मागचा घुसतो आणि नंबर जातो. मधीच शिक्युरिटीवाला बिल्टी, म्हंजी मालाची पावती, मागाय येतो. असं रात्रभर. सकाळी गाडी खाली झाली की ऑफिसातनं फोन, ‘रात्रभर झोपलाच असशील, आता डायरेक्ट ये.’

ह्याला विश्रांती म्हणणारा माणूस कधी केबिनमधी झोपलेला नाय.

आणि पगार? बहुतेक ठिकाणी ट्रिपवर भत्ता. थांबला तर पैसा नाय. मालक ‘हळू ये’ म्हणतो आणि पैसे पोचल्यावर मोजतो. मग पोरगं काय करंल?

डिझेलदास:
लायनीतला, तुमचं गेटचं शंभर टक्के खरं. आमच्याही गाड्या अशाच अडकतात. डिटेन्शन, म्हणजे गाडी अडकल्याचे पैसे, मागितले की पार्टी दुसरा ट्रान्सपोर्टर बघते.

म्युनिककर:
इथं जर्मनीत मी लॉजिस्टिक्समध्ये आहे. ट्रक चालवत नाही, पण ड्रायव्हरांचं प्लॅनिंग माझ्याकडे असतं, म्हणून लिहितो.

युरोपात २००६ चा ५६१ क्रमांकाचा नियम आहे. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. हवं तर आधी १५ आणि नंतर ३० असं तोडून. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १० चालतं. आठवड्याला ५६, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. रोजची विश्रांती ११ तास. आठवड्याची मोठी विश्रांती ४५ तास, आणि ती केबिनमध्ये झोपून काढायलाही बंदी.

पण आकड्यांपेक्षा टॅकोग्राफ, म्हणजे गाडीतलं वेळ नोंदणारं यंत्र, महत्त्वाचा. त्यावर चार चिन्हं असतात: स्टिअरिंग म्हणजे चालवतोय, फुलीसारखे हातोडे म्हणजे दुसरं काम, तिरपी रेघ मारलेला चौकोन म्हणजे ‘हजर आहे, बोलवा’, आणि पलंग म्हणजे विश्रांती. चाक हललं की यंत्र आपोआप स्टिअरिंगवर जातं. लायनीतला म्हणतात तसं दर वीस मिनिटांनी गाडी सरकवली तर पलंगाची नोंद तिथंच तुटते आणि विश्रांती पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. रस्त्यावर तपासणीत मागच्या ५६ दिवसांच्या नोंदी मागू शकतात.

अजून एक. त्याच नियमात कलम १० आहे: किलोमीटरवर किंवा मालाच्या वजनावर पैसे देणं रस्त्याच्या सुरक्षेला बाधक ठरत असेल, तर तसे पैसे द्यायला कंपनीला मनाई. आपल्याकडचा ट्रिपचा भत्ता तिथं सरळ अडचणीत येईल.

अमेरिकेचं गणित वेगळं: १० तास सुट्टीनंतर १४ तासांची खिडकी, त्यात जास्तीत जास्त ११ तास ड्रायव्हिंग, ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबा. डिसेंबर २०१७ पासून तिथं इलेक्ट्रॉनिक लॉग आला. त्याच्या आधी कागदी लॉगबुकात लोक काय काय लिहायचे ते विचारू नका.

कोपऱ्यातली:
वाचतेय. बाबा ट्रकवर होते. रात्री दोन-तीनला फोन करायचे, ‘बोलत राहा गं काहीतरी.’ मी अभ्यासाला उठायचे म्हणून मलाच करायचे. आम्हाला वाटायचं त्यांना आठवण येते.

स्टिअरिंगमास्तर:
कोपऱ्यातली ताई, असे फोन अजूनही चालतात. पण त्यानं झोप जात नाही, फक्त ती आल्याचं कळत नाही. ड्रायव्हर बोलत असतो, हुंकार देत असतो आणि मधली काही सेकंद मेंदू बंद असतो. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ नव्वद मीटर, स्टिअरिंगवर कुणीही नसताना.

मी हेवी गाड्यांचा प्रशिक्षक आहे. घाटमाथा, तुमचा ट्रेनिंगचा प्रश्न मागे राहिलाय, तो घेतो.

लायसन्सला काय लागतं? वय २० पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स काढून एक वर्ष झालेलं, डॉक्टरचा फॉर्म १-ए, ड्रायव्हिंग स्कूलचा शिकल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ५. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. ट्रान्सपोर्टचं लायसन्स आता पाच वर्षांचं असतं, पूर्वी तीन होतं. धोकादायक मालाच्या टँकरला वेगळं: तीन दिवसांचा कोर्स, लायसन्सची मुदत तीन वर्षं आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी. माझ्या मते ही उजळणी सगळ्यांनाच लावायला हवी. कास्टिंग भरलेली गाडी बोरघाटात सुटली तर ती टँकरपेक्षा कमी धोकादायक नसते. युरोपात प्रत्येक व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांनी ३५ तास बसावं लागतं. आपल्याकडे साध्या मालाचा ड्रायव्हर लायसन्ससाठी एकदा शिकतो ते थेट निवृत्तीपर्यंत.

१ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम आलेत. हेवीसाठी ३८ तासांचा कोर्स, सहा आठवड्यांत. सेंटरला सिम्युलेटर आणि टेस्ट ट्रॅक लागतो, हेवीसाठी दोन एकर जागा. तिथून पास झालेल्याला आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ. पोरं नवखी असतील तर कोपऱ्यावरच्या क्लासपेक्षा अशा सेंटरला घाला. नाहीतर फॉर्म ५ हातात आणि गाडीत बसलेला एकूण वेळ तासभर, असे उमेदवार मी रोज पाहतो.

तरीही ३८ तास म्हणजे सुरुवात. घाट तुम्हालाच शिकवावा लागेल. पहिल्या दिवशी चालवायला देऊच नका. गाडी चालू करून हवेच्या काट्याकडे बघायला सांगा. दाब पुरेसा होईपर्यंत ब्रेक सुटत नाही, हे ऐकण्यापेक्षा बघितलेलं बरं. मग इंजिन बंद करून पाचसहा वेळा ब्रेक दाबायला लावा आणि काटा कसा खाली येतो ते दाखवा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला पोरगा डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून, इंजिन बंद करून घाट उतरायच्या फंदात पडत नाही. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, मध्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक आधी, पायाचा ब्रेक नंतर, आणि पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेकचे लायनर तापले की ब्रेक नावालाच उरतो. खंबाटकी दिवसा, रिकाम्या गाडीनं, जुना ड्रायव्हर शेजारी बसवून. मग भरलेली. रात्र सगळ्यात शेवटी.

आणि झोपेचा तास वेगळा घ्या. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर झोप मागतंच, कितीही अनुभव असो. काच खाली करणं, गाणी, तंबाखू, काही उपयोग नाही. चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा; ती अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो. एवढीच एक युक्ती खरी, आणि तीही तासा-दोन तासांपुरती.

डेपोतला:
एसटीतून निवृत्त. प्रवासी गाडी आणि मालाची गाडी वेगळी हे मान्य, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. एसटीत शेड्यूल छापील असतं. ड्रायव्हर ड्युटीवर कधी आला, कधी सुटला, याची नोंद डेपोत होते, त्याच्या डायरीत नाही. तक्रारी आमच्याकडेही होत्या. माणसं कमी पडली की डबल ड्युटी लागायची, मुक्कामी गाडीच्या वस्तीला झोपायची सोय म्हणजे कधी देऊळ, कधी गाडीचाच बाक. पण निदान भांडायला कागद असायचा. ‘काल रात्री अकराला सुटलो, आज पाचला कशी लावता?’ असं ड्रायव्हर कंट्रोलरच्या तोंडावर म्हणू शकायचा.

ट्रकवाल्याकडे तो कागदच नाही.

डिझेलदास:
काका, कागद ठेवला तर तोच कोर्टात आमच्यावर उलटतो. अपघात झाला की वकील पहिल्यांदा तोच मागणार.

कलमवाली:
मागणारच. पण आता कागद नसला तरी फास्टॅगच्या वेळा असतात, ई-वे बिल असतं, जीपीएस असतं. कोल्हापूरचा टोल रात्री नऊला आणि बेंगळुरूचा सकाळी अकराला, गाडीवर ड्रायव्हर एक, हे जोडायला वकील लागत नाही. उलट, विश्रांती दिल्याचा पुरावा फक्त तुमच्या तक्त्यातच सापडेल.

आणि हे प्रकरण थंड पडलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की राज्यांबरोबर बैठका घेऊन कलम ९१ ची आणि कामाच्या तासांची अंमलबजावणी कशी करायची ते ठरवा.

जाता जाता: नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानंतर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतं. त्यामुळे छोट्या टेम्पोवरच्या पोराला हेवीचं कसलंच ट्रेनिंग नसणार. तास मात्र तेवढेच.

चहाबिस्कूट:
अवांतर: २०२५ पासून नवीन ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ना? मग झोपेचा प्रश्न मिटला. 😀

लायनीतला:
एसीत झोप अजून चांगली लागती भावा, चालवताना पण.
चेष्टा सोडा, एसी पायजेच. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून बघा. पण इंजिन बंद केलं की एसी बंद, आणि गेटवर इंजिन चालू ठेवलं की डिझेल जातंय म्हणून मालकाचा फोन.

म्युनिककर:
समृद्धी महामार्गाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ७०१ किलोमीटर सरळ रस्ता. असा रस्ता अंतर कमी करतो, पण डोळ्याला काही काम उरत नाही. आपण घाटाला घाबरतो, पण घाटात झोप येत नाही. झोप येते सपाटीवर.

स्टिअरिंगमास्तर:
+१. म्हणूनच पोरांना मी सांगतो, घाट संपला की दहा मिनिटं थांब. ताण उतरतो आणि झापड तिथं येते.

घाटमाथा:
सगळ्यांचे आभार. काकांशी दोन रात्री वाद घातला आणि इतकं ठरलंय.

बेंगळुरूच्या ट्रिपला मध्ये एक मुक्काम पक्का, राणेबेन्नूर ते चित्रदुर्ग यामधल्या पार्किंग असलेल्या पंपावर. रात्री बारा ते पाच गाडी उभी. पार्टीला पोचायची वेळ त्याप्रमाणेच सांगायची. एका पार्टीनं कुरकुर केली, दुसरी म्हणाली, वेळ आधी कळली तर आम्हालाही खाली करायला माणसं लावता येतात. काकांना याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

ट्रिपचा भत्ता बंद करून महिन्याचा पगार आणि बाहेर राहिलेल्या रात्रीचा ठरावीक भत्ता. यावर काका अजून धुसफुसतायत. त्यांचं म्हणणं, मग पोरं ढाब्यावर पडून राहतील. मी म्हटलं, जीपीएस कशाला लावलंय मग?

तक्त्यात रकाने असे: निघाली, थांबली, पोचली, खाली झाली, परत निघाली. बरोबर वाटतंय का?

डेपोतला:
‘पोचली’ आणि ‘खाली झाली’ यांच्या मध्ये अजून एक हवा: ‘गेटच्या आत’. नाहीतर लायनीतला वेळ कुठे गेला ते कळणार नाही. आणि गेटवर रात्र गेली असेल तर सकाळपासून विश्रांतीच्या नऊ तासांचं घड्याळ नव्यानं सुरू करा. परतीचा माल लगेच लावू नका.

डिझेलदास:
नऊ तास?? परतीचं भाडं गेलं म्हणजे!

डेपोतला:
एक दिवस उशिरा लागेल. गेलं कुठे?

डिझेलदास:
बरं, माझ्या एका गाडीवर करून बघतो. पण त्या लायनीत रात्र गेल्याचं पार्टीला सिद्ध कसं करायचं? ते म्हणणार, तुमचा ड्रायव्हरच उशिरा आला.

लायनीतला:
लायनीत लागल्यावर टोकन देत्यात, त्याच्यावर टाईम असतो. आत जाताना गेटपासवर शिक्का पडतो, त्याच्यावर बी टाईम. दोन्हीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला सांगा. टोकन परत घेत्यात, म्हणून फोटो आधी काढायचा. पोरं काढत्यात, त्यांना फक्त सांगाय पायजे की ह्याचे पैसे मिळणार हायत.